उपाशी कुंड्यांवरचे डाग

राजापेठ, अमरावती
रविवार

प्रिय शेवंता,

उपाशी कुंड्यांवर डाग कशाने पडायचे, ते मला आज सकाळी कळलं. तुझ्या हाताने नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण तू मला ओळखतेस. आधी हवापाणी, मग पूर्वपीठिका, मग कोष्टक असं करत करत मी मुद्दा शेवटच्या पानावर नेतो आणि तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो. तू तर दोन वर्षांपूर्वीच उठून गेलीस.

सकाळी कुंड्या पाहिल्या, भिंग खाली ठेवलं आणि सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "अगं, ऐकलं का?" भिंतीपलीकडे जुबेदाबीच्या कोंबड्या तेवढ्या ओरडल्या. घरात सांगायला दुसरं कोण आहे? म्हणून हे पत्र. आज कचेरी बंद आणि एवढी गोष्ट पोटात ठेवून सोमवारपर्यंत बसणं माझ्याच्याने होणार नाही.

तू असताना मी तुला पत्र असं लिहिलंच नाही. अकोल्याला कापसाच्या कामावर पाठवलं होतं तेव्हा चार महिन्यांत तीन कार्डं टाकली. तिन्ही परवा तुझ्या ट्रंकेत सापडली, लुगड्याच्या घडीत नीट ठेवलेली. पहिल्यात खोलीतल्या ढेकणांची तक्रार. दुसऱ्यात माझा स्वेटर पाठवून दे म्हणून. तिसऱ्यात, "प्रकृतीस जपावे. जाळीतल्या कुंड्यांना हात लावू नये." बस, एवढंच! बायकोला लिहिलेलं कार्ड होतं की कचेरीच्या दारावरची नोटीस? आणि तू ते जपून ठेवलंस. काहून, शेवंता?

तुला आठवतं, हे सगळं सुरू कुठून झालं? तुझ्या बाबांच्या वाडीतून. दीक्षेनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आपलं लग्न झालं आणि त्याच वर्षी पाणी ओसरल्यावर तू मला भातकुलीच्या पुढे, पेढी नदीच्या पात्रात, तुमची टरबुजाची वाडी दाखवायला नेलंस. रेतीत हातभर खोल खड्डे, तळाशी शेणखत, वर ओलसर माती. बाबांनी सगळे खड्डे तयार ठेवले होते, पण बी एकाही खड्ड्यात नव्हतं. तू आलीस, पदर खोचलास, ओच्यातलं बी काढून पहिल्या खड्ड्यात अंगठ्याने दाबलंस, आणि मग बाकीच्यांचे हात चालू झाले. लेकीने पहिलं बी लावायचं, ही तुमच्या घरची रीत.

मी तेव्हा नवा नवा नोकरीला लागलेला, खिशाला पेन लावून फिरणारा. मी म्हणालो, "मामाजी, दीक्षा घेतली, देव सोडले, अन् हा हातगुण नाही सोडला काय?"

बाबा हसले. म्हणाले, "हा काई देव नाही, जवाईबापू. हा हात हाय. शेवंताचा हात लागला का येल निरा पयत सुटते."

मी तुझ्याकडे पाहिलं तर तू हाताची रेती झटकत होतीस आणि चेहऱ्यावर कसा भाव होता सांगू? मी पहिल्या वर्गात पास झालो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर होता तसा. त्या दिवसापासून मला तुझ्या हाताचा थोडा हेवाच वाटायचा. हे तुला कधी बोललो नाही.

पुढे काही वर्षांनी वेलांना ते लागलं. पानं चितकबरी, हिरव्यात पिवळं, शेंडे आखडलेले, फळ धरलं तरी अंगावर गाठी आलेलं. शेजारच्या वाडीतल्या काकडीवर तेच, कोहळ्यावर तेच. बाबांनी एक वेल मुळासकट उपटून माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि म्हणाले, "तुमी शिकले हा ना? मंग याचं नाव सांगा." कचेरीत साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, आपलं काम कापसाचं, टरबूज हा काय विषय आहे? मग काय करणार! विषय घरी आणला.

मी तुला परसात बसून समजावलं होतं की हा विषाणू आहे, कचेरीतल्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही, म्हणून झाडालाच विचारायचं. रोगी पान खलबत्त्यात वाटायचं, रस फडक्यातून गाळायचा, निरोगी रोपाच्या पानावर ओरखडे पडावेत म्हणून धारेच्या दगडाची बारीक पूड भुरभुरायची आणि तो रस बोटाने हलकेच चोळायचा. मग थांबायचं. कोणत्या झाडावर काय उमटतं, त्यावरून रोग ओळखायचा. वेलांवर चोळायचं आणि चंदनबटव्यावरही. चंदनबटव्यावर डाग पडले तर समजायचं, हा रोग भाजीपाल्यातही राहतो. नाही पडले, तर तो फक्त वेलांचाच.

"ज्याची ताकातली भाजी करा लागते, त्याले बिमार करून राहिले तुमी!" तू म्हणालीस. पण दुसऱ्याच दिवशी पंधरा कुंड्यांत चंदनबटवा पेरून मोकळी झालीस. जाळीसाठी मलमल तूच आणलीस, जुबेदाबीच्या मशीनवर शिवून घेतलीस, माव्याची कीड आत शिरू नये म्हणून कडेला दुहेरी शिलाई घालायला लावलीस. चौथी शिकलेली बाई! आमच्या कचेरीत एवढा विचार करणारे किती होते?

आणि ते नाव तुझंच. प्रत्येक वेळी काही कुंड्यांना रोगाचा रस द्यायचा नसतो, नुसतं पाणी चोळायचं असतं. त्या कुंड्या निरोगी राहिल्या तरच बाकीच्यांची साक्ष खरी. तू विचारलंस, "म्हंजे ह्या बिचाऱ्या उपाशीच?" त्या दिवसापासून आपल्या घरात जेवलेल्या कुंड्या आणि उपाशी कुंड्या. माझ्या चुन्याच्या डबीत काडी बुडवून तू उपाशी कुंड्यांवर पांढरा ठिपका काढायचीस. वाटणं, गाळणं, पाणी घालणं, डाग मोजणं तुझ्याकडे. चोळणं मात्र माझ्याकडे. ते नाजूक काम, शास्त्रीय काम, म्हणून ते मी दुसऱ्या कुणाला करू द्यायचो नाही. केवढी ऐट होती माझी!

एक दिवस तू खलबत्ता धूत होतीस. मी ओट्यावर बसून तळहातावर तंबाखू मळली, चिमूट ओठात ठेवली, हातावर तांब्याभर पाणी घेतलं आणि कुंड्यांकडे वळलो. तू म्हणालीस, "आवो, तंबाकू मयता अन् त्याच हातानं पानं चोयता. मलेच तो वास सहन होत नाही, झाडाले होत असन काय?"

मी म्हणालो, "झाडाला नाक कुठं असतं?"

"अन् पाचव्या शिलाचं काय? नशा करू नये म्हनून दर रविवारी इहारात हात जोडता."

"ते दारूसाठी आहे. तंबाखूला पाली भाषेत शब्दच नाही."

तू खो खो हसलीस. मीही. माझ्या या असल्या उत्तरांवर मी फार खूश असायचो.

मग ते डाग. पहिल्या वर्षी रस दिलेल्या चंदनबटव्यावर मोहरीएवढे पिंगट डाग आले आणि मी आनंदाने हात चोळले. दोन दिवसांनी तू हाक मारलीस. उपाशी कुंड्यांवरही तसेच डाग! मी मलमलीला दोष दिला, वीण विरळ आहे म्हणून. दुसऱ्या वर्षी दुहेरी मलमल लावली, तरी डाग. मी माव्याला दोष दिला. तिसऱ्या वर्षी मावा नव्हता, जाळी नवी होती, नागपूरचे मोठे साहेब मुद्दाम पाहायला येणार होते, आणि त्याच सकाळी उपाशी कुंड्यांवर पुन्हा डाग. साहेबांनी कुंड्या पाहिल्या, रुमालाने चष्मा पुसला आणि चहा न घेता गेले.

त्यानंतर मी काय बोललो ते तुला आठवतं. मलाही आठवतं. रोज आठवतं.

मी म्हणालो, "तूच काहीतरी केलंस. रोगी पानं वाटतेस आणि त्याच हाताने सगळीकडे लुडबुडतेस. आजपासून या कुंड्यांना शिवायचं नाही."

तुझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तू हळूच खाली ठेवलास. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "असं माह्या मायले लोक म्हनत. इहिरीवर. तुमच्या तोंडून पह्यल्यांदा आइकलं."

शेवंता, मी गावच्या शाळेत ओंजळ धरून उभा राहिलेला पोरगा. वरून कुणी पाणी ओतेपर्यंत तहानलेला. "शिवू नको" हे शब्द कुठे लागतात, ते मला कुणी शिकवायची गरज होती? तरी ते माझ्याच तोंडून निघाले, माझ्याच परसात, तुझ्यासाठी. आणि निघाल्यावर मी मागे घेतले का? नाही! मी म्हणालो, "उगाच भलतीकडे नेऊ नकोस, मी शास्त्राचं बोलतोय." भांडणात शास्त्र आणणाऱ्या माणसाशी कोण बोलणार? तू आत गेलीस आणि भाकरी थापायला लागलीस.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पुढच्याच आठवड्यात वाडीत गेलो आणि बाबांनाही सांगितलं. हातावरून रोग जातो, मामाजी, पुढल्या हंगामात बियाण्याला शेवंताचा हात लागू देऊ नका. बाबांनी नदीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "तुमी शिकलेले. तुमी म्हनता तं असन." शिकलेल्या जावयाचं ऐकलं, एवढाच त्यांचा दोष.

त्या दिवाळीनंतर माझी अकोल्याला रवानगी झाली. कापसाचं काम, राहायला एक कोंदट खोली, म्हणून तुला इथेच ठेवलं. महिन्यातून एकदा पॅसेंजरने यायचो. तू कमी बोलायचीस, मी पेपर वाचायचो. कुंड्यांमधला चंदनबटवा बियाण्यासाठी राखला होता. तो हिरवागार असायचा आणि मला वाटायचं, बघा, सांगितलं तरी बाई हात लावतेच. विचारलं मात्र नाही.

फाल्गुनात जुबेदाबीची तार आली. मी निघालो तर गाडी मूर्तिजापूरला थांबून राहिली. इंजिनाचं काही बिघडलं होतं. फलाटावर लोक खरबूज कापून खात होते आणि मी बाकावर बसून तुला काय बोलायचं ते ठरवत होतो. बरंच काही ठरवलं होतं. बडनेऱ्याला उतरून टांगा केला, घरी आलो, तर परसात बायका बसलेल्या. ताप मेंदूत गेला म्हणाले.

जुबेदाबीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाईसाब, आखरी दिन तक पूछती थी, कुंड्यों को पानी डाला क्या. ख़ुद नहीं डालती थी. बोलती थी, उनोंने मना किया है, तुम डालो." म्हणजे तो हिरवागार चंदनबटवा जुबेदाबीच्या हातचा होता. माझा शब्द तू किती पाळावास, त्याला काही सुमार?

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी पेढीकाठी मी कमरेची तंबाखूची चंची सोडली आणि पाण्यात भिरकावली. तू सात वर्षं सांगत होतीस, तेव्हा सुटली नाही. तेव्हापासून आजवर चिमूटही तोंडात टाकलेली नाही.

आता पुढचं लिहायला हात जड होतोय. पण तुझ्यापासून लपवून काय करू?

पावसाळ्यात बदली संपून मी परत आलो. पुढच्या हंगामात पुन्हा प्रयोग मांडला, एकट्याने. मीच वाटलं, मीच गाळलं, मीच ठिपके काढले. आणि उपाशी कुंड्या स्वच्छ! एक डाग नाही. रस दिलेल्या चंदनबटव्यावरही डाग नाही, नुसते टरबुजाचे आणि काकडीचे वेल चितकबरे झाले. म्हणजे बाबांनी विचारलेलं उत्तर मिळालं. हा रोग वेलांच्याच कुळातला, मावा त्याला या वेलावरून त्या वेलावर नेतो, भाजीपाल्याचा त्यात काही संबंध नाही. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते एका महिन्यात हाती आलं.

आणि तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, माहीत आहे? मनात आलं, बघ, शेवंता नाही तर कुंड्या स्वच्छ. म्हणजे माझं खरंच होतं.

तू नसण्यातही मी पुरावा शोधला गं! भिंगातून स्वच्छ पानं बघताना मला बरं वाटलं होतं. त्या भरात कचेरीला दिलेल्या अहवालात वाक्य लिहिलं, "पूर्वीच्या तीन हंगामांतील दोष घरातील अशिक्षित व्यक्तीच्या हाताळणीमुळे उद्भवला असावा." अशिक्षित! माझ्या अहवालातले डाग मोजलेस तू, जाळी शिवून घेतलीस तू, आणि मी तुझं नावसुद्धा लिहिलं नाही, व्यक्ती लिहिलं. साहेबांनी खाली "छान" असा शेरा मारला.

तीन आठवड्यांपूर्वी पानं आणायला वाडीत गेलो होतो. बाबा आता फार थकलेत. खोपीत एकटेच बसले होते. हातात तंबाखूची चंची, पण बोटं थरथरत होती, चुना सांडत होता. म्हणाले, "जवाईबापू, जरा मयून द्या. बोटं ऐकत नाहीत आता."

नाही कसं म्हणू? मी तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्याने मळली, झटकली आणि त्यांना दिली. स्वतः घेतली नाही. बाबांनी ती ओठात ठेवली आणि वेलांकडे हात केला. मग ते म्हणाले, "पह्यलं बी दोन सालापासून म्याच लावतो. येल चालते, पन तसा नाही."

मी चंची बांधून त्यांच्यापाशी ठेवली.

"त्या साली पोरगी बी घेऊन आली व्हती. घरी धुऊन, सुकवून, फडक्यात बांधून. खड्ड्यापाशी येऊन बसली. म्या म्हनलं, राहू दे माय, यंदा मी लावतो. तसंच बांधून परत घेऊन गेली." मग त्यांनी विचारलं, "कायनं होत होतं वो तसं, तिच्या हातानं?"

मी उठलो. पेढीच्या पाण्यात हात खळबळले, पानं पिशवीत घातली, सायकलवर बसलो. घरी येऊन उजेड होता तोवर सगळ्या कुंड्या चोळल्या, जेवलेल्या आणि उपाशी.

पाचव्या दिवशी उपाशी कुंड्यांवर डाग!

शेवंता, मी जाळीपुढे उकिडवा बसून राहिलो. कापड नवं होतं. मावा नव्हता. आणि तू नव्हतीस. आता कुणाला दोष देऊ? खरं सांगतो, तरीही मन कुणीतरी शोधत होतं. चुन्याच्या डबीकडे पाहिलं, कारण ठिपके तू काढायचीस! मग जुबेदाबीच्या कोंबड्या आठवल्या. मग माझा स्वतःचा उजवा हात मांडीवर पडलेला दिसला, आणि त्या दिवशी या हाताने काय केलं होतं ते आठवलं. तंबाखू तोंडात गेली नव्हती, पण हातावर होती.

तंबाखूच्या झाडालाही असाच एक विषाणू असतो. पान वाळलं, कुटलं, चंचीत महिनोन्‌महिने राहिलं, तरी तो मरत नाही. टरबुजाच्या वेलाला त्याचं काही होत नाही, चंदनबटव्यावर मात्र तो डाग पाडतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं गं! परीक्षेत लिहिलेलं होतं! नुसत्या पाण्याने तो जात नाही, साबण लागतो. आणि मी रोज तांब्याभर पाणी हातावर घेऊन मोठ्या रुबाबात नाजूक काम, शास्त्रीय काम करायला बसायचो.

तरी नुसत्या तर्कावर तुला निर्दोष ठरवायचं नव्हतं. तुला दोषी ठरवताना मी तपासलं नव्हतं, निदान आता तरी तपासावं. गेल्या सोमवारी बारा कुंड्या घेतल्या, बाराही उपाशी. आधी हात साबणाने धुऊन सहा कुंड्यांवर नुसतं पाणी चोळलं. मग चौकातल्या पानवाल्याकडून दोन वर्षांनी पहिल्यांदा तंबाखूची पुडी आणली, मळली, माझ्या जुन्या पद्धतीने तांब्याभर पाण्याने हात धुतले आणि उरलेल्या सहा चोळल्या. ठिपके मी काढले नाहीत. जुबेदाबीला सांगितलं, तुम्ही कुंड्यांच्या बुडाशी खुणा करा, मग त्यांच्या जागा उलटसुलट करा आणि कुठल्या कुठल्या ते मला सांगू नका. माझ्या डोळ्यांवरही आता माझा भरवसा नाही.

याच आठवड्यात तुझी ट्रंक उघडली. दोन वर्षं धीर झाला नव्हता. कार्डं सापडली आणि तळाशी फडक्याची पुरचुंडी. टरबुजाचं बी. धुतलेलं, सुकवलेलं, न पेरलेलं. वर दोऱ्याच्या दोन गाठी.

आज सकाळी सहा कुंड्यांवर डाग, सहा स्वच्छ. जुबेदाबीने खुणा सांगितल्या. डाग पडलेल्या सहाही माझ्या तंबाखूच्या हाताच्या निघाल्या, एकही इकडची तिकडे नाही.

तुला माझा राग यायचा का गं? एकदा तरी भांडायचं होतंस. तांब्या फेकून मारायचा होतास. "आधी आपला हात पाहा" एवढं म्हणायचं होतंस. पण मग आठवतं, तू म्हणाली होतीस की. ओट्यापाशी, खलबत्ता धुताना, हसत हसत. तिसरा हंगाम उजाडायच्या किती आधी म्हणाली होतीस! आणि मी झाडाला नाक नसतं म्हणालो.

या घरात आता तुझ्या हातचा खलबत्ता वाजत नाही. वाटायला बसलो की शेजारी कुणी बडबडत नाही. डाग मोजताना आकडा चुकला तर "पुन्हा मोजा" म्हणणारं कुणी नाही. मी दोनदा मोजतो आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा येतो. रविवारी विहारात जातो, वंदना म्हणतो, परत येतो आणि कुलूप काढताना उगाचच आवाज करतो. हे कुणाला सांगावं?

तर आता ऐक. उद्या कचेरीत गेलो की पहिलं काम त्या अहवालाचं. ते वाक्य खोडतो आणि लिहितो की तिन्ही हंगामांतला दोष प्रयोग करणाऱ्याच्या तंबाखू लागलेल्या हातामुळे झाला, आणि त्याविषयी कालकथित शेवंता यांनी वेळीच सुचवलं होतं, ते प्रयोग करणाऱ्याने हसण्यावारी नेलं. साहेब हसतील, शेजारच्या टेबलावरचे महिनाभर चिडवतील. चिडवू देत.

ते सोपं आहे. कठीण ते पुढचं. येत्या रविवारी तुझी पुरचुंडी घेऊन वाडीवर जातो. बाबांनी विचारलं होतं ना, कायनं होत होतं? त्यांना त्याच खोपीत बसून सांगतो, तिच्या हातानं नाही मामाजी, माह्या. तंबाखूही दाखवतो. मग पुरचुंडी त्यांच्या हातात देतो. मार्गशीर्षात पाणी ओसरेल, खड्डे होतील, तेव्हा पहिलं बी याच फडक्यातलं लागेल, हा माझा शब्द. दोन गाठी तशाच ठेवल्यात, त्या मी सोडणार नाही. कुणी लावायचं ते बाबा ठरवतील. मला म्हणाले तर लावीन. आणि म्हणाले, जवाईबापू, तुमी नका शिवू, तर काठावर बसून राहीन. आपल्याच माणसाच्या तोंडून ते कसं लागतं, मलाही एकदा कळू दे.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी हात धुतले, शेवंता. साबणाने, दोनदा.

तुझा,
ज्याचं नाव तू लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नाहीस, तो
किसन